नशामुक्तीच्या रांगेतली पाशो

जालंधरच्या बस्तीत फुटबॉल शिवणाऱ्या बायका खंडीभर होत्या, पण बॉल बंद करावा तर पाशोनं, असं खुद्द ठेकेदार म्हणायचा. बत्तीस तुकड्यांचा बॉल उलटा धरून आतून शिवत आणतात, मग उलटवतात. शेवटी दोन बोटं जातील एवढी फट उरते. ती बाहेरून, आतलं काही दिसत नसताना, नुसत्या हाताच्या अंदाजानं बंद करावी लागते. गाठ आत गेली पाहिजे आणि शिवण दिसता कामा नये. नवशिक्या बायका तिथवर बॉल आणायच्या आणि पाशोच्या अंगणात आणून टाकायच्या. ती बोलता बोलता तो बंद करून द्यायची आणि वर म्हणायची, "घे, तुझ्या लेकराचं तोंड शिवलं. आता नवऱ्याला घेऊन ये."

तिचं पूर्ण नाव प्रकाश कौर. अकरा वर्षांची असल्यापासून ती गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून बसत आली होती. मेण लावलेला दोरा, दोन सुया, आणि प्रत्येक टाक्याला दोन्ही हात पंखासारखे फाकवून मारलेला हिसका. बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या तरी दोरा कापायचाच. त्यामुळे अडतिसाव्या वर्षी एका सकाळी बोटं आखडली, त्याचं तिला नवल वाटलं नाही. कामानं आखडली असतील, होतील मोकळी. ती दुपारी मोकळी झाली. काही महिन्यांनी मोकळी होईपर्यंत संध्याकाळ व्हायला लागली. मग मनगटं सुजली, मग पायांचे तळवे, मग जबडा. रोटी चावताना डोळ्यांत पाणी यायचं.

सरकारी इस्पितळात रक्त तपासलं, फोटो काढले. हा ऱ्हुमेटॉइड संधिवात आहे, म्हणाले. म्हातारपणी गुडघे दुखतात तसला नव्हे. यात शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजतं आणि त्यांच्यावर उठतं. पाशो घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "माझं शरीर तुझ्या भावजयीसारखं निघालं रे. आपल्याच घरात भांडतंय."

भावजय म्हणजे बंसो, पाशोची थोरली जाऊ. त्याच अंगणाच्या पलीकडच्या खोलीत ती राहायची. तिनं ते ऐकलं, आणि पुढे आठ वर्षं विसरली नाही.

या आठ वर्षांत काय काय झालं ते पाशो बोटांवर मोजून सांगायची, फक्त बोटं आता सरळ होत नव्हती. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांनी तोंड आलं, केस गळाले, आणि यकृत बिघडलं म्हणून त्या बंद केल्या. दुसऱ्या गोळ्यांनी अंगभर पुरळ उठलं. स्टिरॉइडनं महिनाभर स्वर्ग दाखवला, मग चेहरा परातीएवढा केला आणि साखर वाढवली. इंजेक्शनं होती म्हणे, नव्या जातीची, पण ती त्यांच्यासारख्यांची नव्हती. डॉक्टरांनी किंमत सांगितली, नवऱ्यानं मान हलवली, आणि दोघं बाहेर येऊन चहा प्यायले. शेवटी एक सौम्य गोळी तेवढी अंगाला सोसली. "हिनं आजार थांबणार नाही, पण निदान धीम्या पावलानं चालेल. ही सोडायची नाही," असं डॉक्टरांनी बजावलं.

चरणदास तिचा नवरा. बॅट बनवायच्या कारखान्यात तो लाकूड तासायचा. अबोल माणूस. अंगावर सदा विलोच्या लाकडाचा भुसा. पाशोला वेणी घालता येईना तेव्हा त्यानं आपण होऊन कंगवा उचलला. पहिल्या दिवशी त्यानं घातलेली वेणी पाहून पाशो हसली की रडली ते तिलाच कळलं नाही. "अरे, बॅटीला दोरा गुंडाळतोस तशी गुंडाळलीस की!" ती म्हणाली. पुढे त्याचा हात बसला. सलवारीची नाडी बांधणं, अंगावरच्या सदऱ्याची बटणं, सगळं तो करू लागला, आणि ते करताना एक शब्द बोलायचा नाही. पाशोला वाटायचं, यानं एकदा तरी वैतागावं. त्याच्या न वैतागण्यानंच तिला जास्त लाज वाटायची.

गुरुघरात दर रविवारी ती लंगरच्या रोट्या लाटायची. ते सुटलं. बायकांनी तिला जोडे सांभाळायच्या सेवेला बसवलं. तेही वाकून करायचं काम. तेही सुटलं.

अशात कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या माणसानं तिला कॅप्सूल दिली. हिरवी-पिवळी. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. "दुखण्याची आहे, चाचीजी. सगळे घेतात." खरंच सगळे घेत होते. भट्टीवरचे मजूर, ट्रकवाले, कापणीला येणारे. पाशोनं एक घेतली आणि दोन तासांनी तिनं आपल्या हातानं कणीक मळली. वर्षभरात एकीच्या दोन झाल्या, मग चार, मग सहा. दुखणं त्यांनी काही जात नव्हतं. पण दुखणं खोलीत असलं तरी आपण दुसऱ्या खोलीत आहोत असं वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात पोलिसांनी त्या दुकानाला टाळं लावलं.

दुसऱ्याच दिवशी पाशोचं नाक वाहू लागलं, जांभयांवर जांभया. तिसऱ्या दिवशी पोट सुटलं, अंगावर काटा, आणि पाय आपोआप झटके देऊ लागले. त्यावर संधिवाताचं दुखणं जे तीन वर्षं कॅप्सूलनं झाकून ठेवलं होतं, ते सगळं व्याजासकट अंगावर आलं. चरणदासनं तिला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरनं तिचे डोळे पाहिले, चार प्रश्न विचारले आणि कागदावर काहीतरी लिहून मागच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

मागच्या इमारतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: नशामुक्ती केंद्र.

"मी नाही जाणार तिथं," पाशो म्हणाली.

"चल," चरणदास म्हणाला.

"लोक काय म्हणतील? सेहेचाळीस वर्षांची बाई..."

"लोक तुझे पाय धरून बसणारेत का रात्रभर? मी बसलोय. चल."

एवढं लांब वाक्य तो सहसा बोलत नसे. पाशो मुकाट्यानं चालू लागली.

रांगेत सगळे पुरुष. ती ओढणी कपाळापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या पुढे पन्नाशीचा, दाढी पांढरी झालेला एक दांडगा सरदार होता. तो मागे वळून आदबीनं म्हणाला, "बीबी, मुलाला आणलंयस का?"

"नाही."

"नवऱ्याला?"

"नाही रे बाबा. मीच आहे."

सरदारानं तिच्याकडे, तिच्या सुजलेल्या हातांकडे नीट पाहिलं. मग बाजूला सरून म्हणाला, "मग तू पुढे हो. आमच्यात लेडीज फर्स्ट असते. आजवर लेडीजच आली नव्हती."

पाशोला त्या अवस्थेतही हसू फुटलं. त्याचं नाव जरनैल. तीस वर्षं ट्रक चालवला, आणि अफूच्या बोंडांच्या भुशाशिवाय एक रात्र चालवला नाही. आता बायकोनं शपथ घातली म्हणून आला होता.

केंद्रातली डॉक्टर इश्मीत पस्तिशीची होती. बारीक, चष्मेवाली, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारी. तिनं पाशोची सगळी कागदं वाचली. असं सगळी वाचणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. मग म्हणाली, "आंटीजी, तुम्हाला दोन आजार आहेत. एक सांध्यांचा आणि एक त्या कॅप्सूलचा. दुसरा आधी काढावा लागेल. एकदम नाही, उतरत उतरत. पण त्या दिवसांत सांध्यांसाठी माझ्याकडे फारसं काही नाही. खोटं सांगत नाही."

पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांबद्दल पाशो पुढे कधी फारसं बोलली नाही. ती रोज सकाळी रांगेत उभी राहायची, जरनैल तिच्यासाठी जागा धरून ठेवायचा. तो म्हणायचा, "बीबी, काल मी माझ्या म्हशीशी बोललो. तिनं उत्तर दिलं." ती म्हणायची, "तुझी बायको असेल रे ती." रांगेतली सगळी माणसं हसायची आणि हसता हसता नाक पुसायची.

घरी बंसोनं अंगण डोक्यावर घेतलं. "आमच्या खानदानात कुणी त्या दवाखान्याची पायरी चढलं नव्हतं! माझ्या पोरीची सोयरीक चाललीय. पाहुण्यांना काय सांगू, चाची नशेचा चिट्टा घेते म्हणून?"

"सांग की," पाशो अंथरुणातून म्हणाली. "म्हणावं, चाची घ्यायची, आता सोडलाय. सोयरे खूश होतील, घरात निर्धाराची माणसं आहेत म्हणून."

"जीभ तेवढी शाबूत आहे तुझी."

"हो भैणजी. तिला सांधा नाही ना."

कॅप्सूल सुटली. आणि मग पाशोला कळलं की आता मध्ये काहीच उरलं नाही. चादरीचा भारसुद्धा पायांना सोसेना. चरणदासनं उलटी टोपली पायांवर ठेवून त्यावर चादर घातली. ती डॉक्टर इश्मीतसमोर जाऊन बसली आणि पहिल्यांदाच रडली. "डॉक्टर साहिब, नशेडी होते तेच बरं होतं. मला परत नशेडी करा."

डॉक्टरनं तिचे सुजलेले हात उलटसुलट करून पाहिले. मग तिनं खणातून एक गोळ्यांची पट्टी काढली. रांगेतल्या माणसांना मिळायची तीच. नालट्रेक्सोन. ही घेतली की अफू, कॅप्सूल, काही चढत नाही. जरनैलला रोज एक मिळायची.

"ही दुखण्याची गोळी नाही," डॉक्टर म्हणाली. "पण हिचा अगदी बारीक अंश, दहाव्या भागाहूनही कमी, रोज घेतला तर काही लोकांचं दुखणं कमी होतं असं आढळलंय. का होतं ते धड कुणाला माहीत नाही. सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरांपैकी बरेच याला हसतात. मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. माझ्या एका पेशंटला उपयोग झाला, दुसऱ्याला काडीचा नाही. तुमच्यापाशी बाकी काही उरलेलं नाही म्हणून विचारते. नाही म्हणालात तरी चालेल."

"विष तर नाही ना?"

"नाही."

"मग काय विचारता."

डॉक्टरनं तिला आणि चरणदासला समोर बसवून शिकवलं. एक गोळी उकळून गार केलेल्या पन्नास मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, बाटली हलवायची, आणि सुई नसलेल्या सिरिंजनं झोपताना दीड मिलिलिटर तोंडात सोडायचं. दोन आठवड्यांनी तीन. मग साडेचार. "आणि एक ध्यानात ठेवा. हे थेंब दुखण्यावर आहेत, आजारावर नाहीत. ती जुनी धीमी गोळी बंद करायची नाही. कितीही बरं वाटलं तरी."

चरणदासनं ते दोनदा म्हणून दाखवलं. सिरिंज धरणं हे त्याचं काम झालं, कारण पाशोच्या बोटांना दट्ट्या दाबता येत नव्हता.

बाहेर जरनैलनं विचारलं, "काय दिलं, बीबी?"

"तुझंच औषध. पण थेंबभर."

"असं होय! म्हणजे मी हत्ती आणि तू चिमणी." तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी गालात ठेवतो आणि बाहेर जाऊन थुंकतो. कुणाला सांगू नकोस."

"मेल्या, तुझी बायको..."

"तिला वाटतं मी गिळतो. दोघंही खूश आहोत."

तीन आठवडे काही झालं नाही. झोपेत विचित्र स्वप्नं पडायची, एवढंच. आपण नदीवर कपडे धुतोय आणि कपडे संपतच नाहीत. सहाव्या आठवड्यात एका सकाळी पाशो उठली, चुलीकडे गेली, चहाचं पातेलं उचललं, ओतलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण पातेलं उचललंय. ती पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. चरणदास दाढी विंचरत होता. आरशात त्याला ती दिसली.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तेच सांगतेय. काही नाही होत."

दुखणं पुरतं गेलं नव्हतं. पण ते आता दाराबाहेर बसलं होतं. सूजही थोडी उतरल्यासारखी वाटली, निदान तिला तशी वाटली. तिनं आपली वेणी आपण घातली. रविवारी गुरुघरात जाऊन परातीपाशी बसली, आणि बायकांनी "पाशो आली, पाशो आली" करत तिच्या हातात लाटणं दिलं. तिच्या रोट्या वेड्यावाकड्या झाल्या. कुणी काही बोललं नाही. बंसोनं तेवढं म्हटलं, "हा काय पाकिस्तानचा नकाशा आहे का?" पण म्हणताना तिनं तूप जास्त लावलं.

आणि मग, थंडीच्या सुरुवातीला, ठेकेदार आला.

यंत्रानं शिवलेल्या बॉलांनी हाताचं काम निम्म्यावर आणलं होतं. पण कुठल्याशा स्पर्धेसाठी हाताच्या शिवणीचे बॉल हवे होते आणि बंद करणारी चांगली बाई मिळत नव्हती. "तू नुसते बंद कर," तो म्हणाला. "बाकी शिवण पोरी करतील."

"डॉक्टर नको म्हणेल," चरणदास म्हणाला.

"डॉक्टरला कोण विचारतंय?" पाशो मध्येच बोलली.

"हात..."

"हात माझे आहेत," पाशो म्हणाली. "आठ वर्षं तू यांना भरवलंस, धुतलंस, पुसलंस. मला एकदा वाटू दे ना, की ते माझे आहेत."

चरणदास गप्प बसला. पुढे अनेक दिवस त्याला वाटत राहिलं की तेव्हा आपण गप्प बसायला नको होतं. पण त्या क्षणी बायकोच्या तोंडावर जे होतं, ते त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती पुन्हा गुडघ्यांत चिमटा धरून बसली. पहिले चार बॉल बिघडले. पाचवा बंद झाला. तिनं तो उलटसुलट फिरवून पाहिला. शिवण दिसत नव्हती. मग दिवसाला दहा, मग पंधरा. आजूबाजूच्या पोरी पाहायला बसायच्या. ती मोठ्यानं बोलायची, गाणी म्हणायची, बंसोच्या मुलीच्या सोयरिकीवर टोमणे मारायची. याच दिवसांत तिनं ती जुनी धीमी गोळी सोडली. कुणाला सांगितलं नाही. त्या गोळीनं पोटात जळजळ व्हायची, आणि दुखत नाही तर गोळी कशाला? सकाळी ती गोळी पट्टीतून काढायची आणि तुळशीसारखं जे रोप दारात होतं त्याच्या कुंडीत खुपसून टाकायची, चरणदासला रिकामी पट्टी दिसावी म्हणून.

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारचं ऊन अंगणात होतं. पाशोनं शेवटचा टाका घेतला, दोरा ओढला, आणि आत कुठंतरी टप् झालं. तिला वाटलं, दोरा तुटला. तिनं पाहिलं. दोरा शाबूत होता. तिनं पुन्हा ओढायला हात उचलला, तर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट खाली लोंबत राहिली. तिनं ती उचलायचा प्रयत्न केला. उचलली नाहीत. डाव्या हातानं सरळ केली, सोडली, पुन्हा खाली पडली. जरासुद्धा दुखलं नाही.

"अगं, बघ गं," ती शेजारच्या पोरीला म्हणाली, "माझी बोटं झोपली." आणि हसली. पोरगी हसली नाही.

बंसो म्हणाली शीर सरकली असेल, मालिशवालीला बोलवू. मालिशवालीनं मोहरीचं तेल लावून चोळलं. आठवडा गेला. मग मधलं बोट गेलं. तेही तसंच, न दुखता, भांडं विसळताना.

हाडांच्या डॉक्टरनं नवा फोटो उजेडासमोर धरला. मनगटाची हाडं आतून झिजून कडा करवतीसारख्या झाल्या होत्या. बोटं उचलणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायूंचे टोकाचे पट्टे, त्या कडांवर घासून घासून तुटल्या होत्या. "इतकं होईपर्यंत हातानं काम केलंत कसं?" त्यानं विचारलं. "दुखलं नाही?"

पाशोनं चरणदासकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

शस्त्रक्रिया लवकर करायला हवी होती. पण भूल देण्याआधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी कमी आल्या, मग छातीत कफ झाला, मग तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. शस्त्रक्रियेआधी थेंब बंद करणं भाग होतं, नाहीतर नंतरची दुखणं मारणारी, अफूच्या जातीची इंजेक्शनं लागू पडली नसती. थेंब बंद झाले, तारीख पुन्हा पुढे गेली, आणि जुनं दुखणं दारातून उठून आत आलं. मे महिन्यात एकदाची कापाकापी झाली. डॉक्टरनं जेवढं सांधता येईल तेवढं सांधलं. सहा आठवड्यांनी पट्टी काढली तेव्हा मधलं बोट अर्धं उचललं जात होतं. बाकीची दोन नाही.

पाशो डॉक्टर इश्मीतकडे गेली. "आता थेंब परत द्या."

दिले. दीड. तीन. साडेचार. सहा आठवडे झाले, आठ झाले, बारा झाले. पाशो रोज सकाळी उठून पातेल्याला हात लावून बघायची. काही झालं नाही. डॉक्टरनं थेंब कमी करून पाहिले, वेळ बदलून पाहिली, शेवटी थेंब बंद केले. सांध्यांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी पाठवली. त्यानं चिठ्ठी वाचून, ही बाई इतके महिने कुठल्या भलत्याच औषधावर होती, असं विचारलं आणि ती धीमी गोळी पुन्हा चालू केली. तिचाही आता उपयोग नव्हता.

शेवटच्या भेटीत डॉक्टर इश्मीतनं कागद बाजूला सारला. "आंटीजी, त्या गोळीचं मला खरं सांगा. मध्ये घेत होतात ना?"

पाशो दाराबाहेरच्या रांगेकडे बघू लागली.

"घेत होतात ना?"

"डॉक्टर साहिब, दुखत नव्हतं हो," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं, कळत होतं. पण दुखत नसताना माणूस आजारी आहे हे कसं लक्षात ठेवायचं? आठ वर्षं मी दुसरं काही लक्षातच ठेवलं नव्हतं."

डॉक्टरनं चष्मा काढला. "मी थेंब द्यायलाच नको होते. दुखलं असतं तर तुम्ही शिवायला बसला नसता. हात वाचला असता."

"वाचवून काय केलं असतं त्याचं?" पाशो म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग थोड्या वेळानं, "ते महिने माझे होते. ते खोटे होते असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही दुसऱ्या कुणाला द्याल तेव्हा माझा हात त्यांना दाखवा."

डॉक्टरनं मान हलवली. तिला आणखी काही सुचवायचं होतं, पण सुचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोघींनाही ते कळत होतं, म्हणून दोघी एकदमच उठल्या.

बाहेर रांग होती. जरनैल त्यात नव्हता. चौकशी केली तेव्हा रांगेतल्या एकानं सांगितलं, तो आसामची गाडी घेऊन गेला, परत चालवायला लागलाय. कशावर चालवतो ते विचारायची गरज नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात डाव्या मनगटातही तसंच घासल्यासारखं वाटू लागलं. हाडांच्या डॉक्टरनं पट्टा दिला. बंसोच्या मुलीचं लग्न झालं. पाशो कोपऱ्यात खुर्चीवर हात ओढणीखाली घेऊन बसली. बंसोनं तिला स्वतःच्या हातानं खीर भरवली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "ही माझी जाऊ. अख्ख्या बस्तीत हिच्यासारखा बॉल कुणी बंद केला नाही." पाशोला वाटलं, बंसोनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

कोपऱ्यावरचं दुकान दिवाळीच्या आसपास पुन्हा उघडलं. तोच माणूस, पाटीवर नवं नाव. पाशो स्वतः गेली नाही. तिनं चरणदासला तोंडानं सांगितलंही नाही. ती फक्त चार दिवस काही न खाता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि पाचव्या दिवशी तो कामावरून येताना कॅप्सूल घेऊन आला. आणलेली पट्टी त्यानं बराच वेळ खिशातून काढली नाही.

आता रोज सकाळी कारखान्यात जाण्याआधी तो खाटेच्या कडेला बसतो आणि दिवसभराच्या कॅप्सूल पट्टीतून दाबून काढून वाटीत ठेवतो. पाशोच्या बोटांना पट्टीचा तो चंदेरी पातळ पापुद्रा फोडता येत नाही. वाटी तो तिच्या डाव्या कोपराशी ठेवतो, म्हणजे तोंड वाटीपर्यंत नेता येतं.

"किती ठेवू?"

"चार."

"काल तीन होत्या."

"थंडी वाढलीय."

तो अंगठ्यानं चौथी दाबून काढतो, आणि जाताना दार लोटून घेतो.